नवें घर, नळ आणि मोरी

नवें घर बांधूं पाहणाऱ्या दोन-तीन गृहस्थांनीं अलीकडे आमच्याकडे नळजोडणीविषयीं पृच्छा केली. आम्ही कांहीं अभियंते नव्हे. आमचें आयुष्य मुलांकडून शब्दरूपें पाठ करून घेण्यांत गेलें. परंतु आमच्या धाकट्या चिरंजिवांनीं घुग्घुसास घर बांधलें, त्या वेळीं आम्हांस जें शिकावें लागलें तें सांगण्यास हरकत नसावी.

घुग्घुस हें वर्धा नदीकांठचें, कोळशाच्या खाणींचें गांव. २०२० सालाच्या अखेरीपर्यंत येथें ग्रामपंचायत होती. आतां नगरपरिषद आहे. अर्ज करणें, करपावती व घराचे कागद जोडणें, अनामत रक्कम भरणें, हा भाग सरळ आहे. खरी गोम रस्त्यांतील मुख्य नळीपासून आपल्या उंबरठ्यापर्यंतच्या वीस-पंचवीस हातांत असते, आणि तिकडे कोणी पाहत नाहीं.

आमच्या कारागिरानें नळी रस्त्याकडेच्या गटाराच्या तळांतून आणली. रस्ता खोदून दुसऱ्या बाजूनें आणावयाची तर खर्च अधिक होता, आणि तो नाकारणारे आम्हीच. ईशान्येस पाण्याची टाकी यावी म्हणून आम्हीं जिना हलविला, वास्तुशांतीस पंक्तीवर पंक्ती उठविल्या. पण मोरीचें पाणी कोणत्या दिशेस जाणार हें ना भटजींस विचारलें, ना स्वतःस.

पावसाळ्यांत सूनबाई म्हणाली, "मामंजी, सकाळच्या पहिल्या घागरीस वास येतो." नव्या टाकीचा असेल, असें म्हणून आम्हीं तें सोडून दिलें. पंधरा दिवसांनीं नातवास काविळ झाली. मूल बरें झालें, पण ते तीन आठवडे आम्ही विसरलों नाहीं.

नळींत पाणी वाहत असतें तोंवर त्याचा दाब बाहेरच्या घाणीस आंत येऊं देत नाहीं. परंतु जेथें दिवसांतून तास-दोन तासच पाणी सोडतात, तेथें तें बंद झालें कीं नळी रिकामी होते, आंत पोकळी उत्पन्न होते आणि ढिल्या सांध्यांतून गटाराचें पाणी ओढलें जातें. त्यांत शेजारी कोणी टिल्लू पंप लावला म्हणजे विचारूंच नये! नळी गटारापासून दूर व त्याहून उंच असावी. गटार ओलांडणें अपरिहार्यच असेल तर तेथें सांधा नसावा, आणि ती मोठ्या नळींत घालून न्यावी. पाण्यांत ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले असतां पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे असें समजावें. शेवटच्या नळाशींही लिटरास ०.२ मिलिग्रॅम तरी असावें लागतें.

आतां मोरीचें. जेथें भुयारी गटार नाहीं तेथें शौचालयाची टाकी व शोषखड्डा ज्याचा त्यानेंच करावयाचा. विहीर असल्यास तो तिच्यापासून निदान पन्नास फूट दूर ठेवावा. १८५४ सालीं लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागांत पटकीनें शेंकडों माणसें मेलीं, तेव्हां डॉक्टर जॉन स्नो यांनीं तेथील सार्वजनिक पंपावर बोट ठेवलें. पुढें आढळलें कीं लगतच्या एका घराचा मैलाखड्डा त्याच पंपाच्या विहिरींत झिरपत होता.

घुग्घुसास याहून निराळीही एक काळजी घ्यावी लागते. ऑगस्ट २०२२ मध्यें अमराई वॉर्डांतील एक राहतें घर पाहतां पाहतां जमिनींत गडप झालें. जीवितहानी झाली नाहीं, हें नशीब. खालीं जुन्या भूमिगत कोळसाखाणीची पोकळी होती. अशा गांवीं घरालगत शोषखड्डा खणण्यापूर्वीं आपल्या जागेखालीं जुनी खाण आहे काय, याची चौकशी केलेली बरी. आमच्या चिरंजिवांनीं ती केली. आम्हांस तें सुचलेंही नव्हतें.

दिवाळीपूर्वीं आम्हीं नळी उकरून दुसऱ्या बाजूनें घेतली. प्रथम नाकारलेल्या खर्चाच्या दुप्पट खर्च आला. डॉक्टरांचें बिल निराळेंच. सूनबाई अजून रोज सकाळीं पहिला तांब्या नाकाशीं नेते, आणि तिनें मान हलविल्यावांचून आम्ही संध्येची पळी भरीत नाहीं.