पाणी मागणारा प्रभू

आपल्या चर्चमध्ये 'आंतरधर्मीय संवाद' हा शब्दप्रयोग आता चांगलाच रुळला आहे. नाताळच्या सुमारास व्यासपीठ सजते. पुरोहित, मौलवी, भन्ते आणि आपले धर्मगुरू एका रांगेत बसतात. समई उजळली जाते, शाली पांघरल्या जातात, छायाचित्र निघते. सर्व धर्म प्रेमच शिकवतात यावर एकमत होऊन मंडळी चहापानाला उठतात. या सोहळ्यांची आम्ही थट्टा करीत नाही. माणसे एकमेकांच्या दारावरून जायलाही कचरतात अशा काळात एका व्यासपीठावर बसणे हेही थोडे नाही. परंतु यालाच संवाद समजून आपण वर्षभर निश्चिंत राहणार असू, तर ती शुद्ध आत्मवंचना होय. बोदवडच्या उन्हाळ्यात ही गोष्ट जितकी लख्ख दिसते, तितकी सभागृहातल्या चर्चासत्रात दिसत नाही.

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे कापसाचे गाव. उत्तरेला रावेर-यावलच्या केळीच्या बागा तापीच्या कृपेने हिरव्यागार. तापी-पूर्णेचा चांगदेव येथील संगमही येथून फार दूर नाही. तरीही बोदवडचा परिसर तहानलेला आहे. पूर्णेच्या पुराचे पाणी उचलून या कोरड्या भागात आणण्याच्या सिंचन योजनेची चर्चा ऐकता ऐकता येथील एक पिढी म्हातारी झाली. उन्हाळा लागला की विहिरी तळाला जातात, नळाची वाट दिवसेंदिवस पाहावी लागते आणि घराघरांपुढे ड्रम व हंडे मांडले जातात. तहान कोणाचा धर्म विचारीत नाही, हे खरे. पण पाण्याची रांग विचारते! टँकर आधी कोणत्या गल्लीत वळणार, कोणाचा हंडा पुढे सरकणार, कोणाच्या विहिरीवर कोणी जायचे, हे अजूनही कित्येक ठिकाणी आडनावावरून, वस्तीवरून आणि वजनावरून ठरते.

वाचकहो, संत योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय येथे आठवावा. भर दुपारी थकलेला येशू याकोबाच्या विहिरीपाशी बसला आहे. शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी भांड्याचाही व्यवहार ठेवीत नसत. महाराष्ट्रातील वाचकाला याचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही. १९२७ साली २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो याच व्यवहारापायी. त्या विहिरीवर आपला प्रभू प्रवचनाने आरंभ करीत नाही. तो पाणी मागतो. त्याच्याजवळ पोहरा नाही, हे ती स्त्रीच त्याला दाखवून देते. जिवंत पाण्याचे बोलणे नंतर येते. आधी येते ते याचकाचे पसरलेले हात. आणि त्याच शुभवर्तमानाच्या शेवटी, क्रूसावरूनही, तो आपली तहान बोलून दाखवतो. त्याच्या ओठांना आंब लावणारे हात परधर्मीयांचे, रोमी शिपायांचे असतात.

आमचे म्हणणे नेमके हेच आहे. आपण ख्रिस्ती लोक द्यायला शिकलो. मागायला शिकलो नाही. शाळा दिल्या, दवाखाने दिले, वसतिगृहे दिली. हे दान थोर आहे, त्याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु जो सदैव देतो तो नकळत उंच ओट्यावर उभा राहतो, आणि ओट्यावरून आशीर्वाद देता येतो, संवाद साधता येत नाही. संवाद सुरू होतो तो आपल्याला शेजाऱ्याची गरज आहे हे कबूल केल्यानंतर.

यावर आमचेच काही बंधू म्हणतील, 'आपण मूठभर माणसे. मिस्सा, जपमाळ आणि मुलांचे शिक्षण सांभाळावे. गावाच्या भानगडीत पडलो तर धर्मांतराचा संशय अंगाला चिकटेल.' ही भीती खोटी नाही, आणि जी माणसे ती रोज सोसतात त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण संशय कुंपणाने मिटत नाही; कुंपणाआड काय चालले आहे याविषयीच तर तो वाढतो. जो माणूस रांगेत आपल्या शेजारी हंडा घेऊन उभा असतो, त्याच्याविषयीच्या अफवेवर विश्वास ठेवणे कठीण जाते. शिवाय हे धाडस आमच्या पदरचे नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांतील सत्य व पावित्र्य नाकारू नये असे शिकवले. १९७४ साली तैपेई येथे आशियातील महागुरूंनी धर्म, संस्कृती आणि गरीब या तिघांशी एकत्रच संवाद करण्याचा मार्ग सांगितला. गरिबांना वगळून केवळ धर्मपंडितांशी केलेला संवाद हा अर्धाच संवाद होय.

आता थोडे स्वतःच्या घरात पाहू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातींच्या सवलतींना मुकला. शीखांना १९५६ साली व बौद्धांना १९९० साली मिळालेला हा न्याय आपणांसही मिळावा, ही मागणी रास्तच आहे. परंतु भारतीय कॅथलिक महागुरूंनीच २०१६ साली आपल्या दलितविषयक धोरणात चर्चमधील भेदभावाची कबुली दिली, हेही विसरू नये. सोयरीक ठरवताना आपण मूळ गाव आणि मूळ जात हळूच विचारतो की नाही? शेजारच्या प्रॉटेस्टंट बांधवाला आपण वर्षातून किती वेळा भेटतो? ज्या घरात भांडी वेगळी आहेत, त्या घराने गावाला बंधुभाव शिकवू नये.

नम्रतेचा धडा गिरवायला आपल्याला दूर जायला नको. चौदाशे वर्षे जगल्याची आख्यायिका असलेल्या चांगदेवाने कोवळ्या मुक्ताईला गुरू मानले, असे वारकरी परंपरा सांगते. मुक्ताईचे स्थान आणि चांगदेवाचे मंदिर, दोन्ही बोदवडच्या शेजारच्या मुक्ताईनगर तालुक्यात आहेत. समाजाने वाळीत टाकलेल्या भावंडांतील एक मुलगी, आणि सिद्धींचा अभिमान उतरलेला वृद्ध योगी! शिकवण्याच्या आसनावरून उठून शिकायला खाली बसणे म्हणजे काय, हे आपल्या शेजारधर्माने आपल्या कितीतरी आधी ओळखले आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रायश्चित्तकाळ आपल्याकडे नेमका विहिरी आटू लागतात त्या दिवसांत येतो. त्या दिवसांतील उपवास पाण्याशी जोडावा. जेथे चर्चच्या आवारात विहीर वा कूपनलिका असेल, तेथे एक तोटी रस्त्याच्या बाजूला काढावी आणि तिच्यावर देणगीदाराची पाटी लावू नये. छपरावरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे. रखडलेल्या पाणीयोजनेचा जाब विचारायला गाव निघेल तेव्हा आपला वेगळा फलक न घेता, नागरिक म्हणून त्या गर्दीत चालावे. आणि कधी आपलाच हंडा रिकामा असेल तेव्हा संकोच सोडून शेजाऱ्याचे दार ठोठवावे. मग ते दार मारुतीच्या पाराजवळचे असो, मशिदीजवळचे असो वा बुद्धविहाराजवळचे.

समई अवश्य लावावी. पण पुढच्या नाताळी व्यासपीठावर बसणाऱ्यांनी एकमेकांना आधी एवढेच विचारावे, की गेल्या उन्हाळ्यात आपण कोणाच्या घरचे पाणी प्यालो? उत्तर देता आले, तर संवाद झाला आहे. नाही आले, तर प्रभू अजून विहिरीपाशी तहानलेलाच बसला आहे.