भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी



ह्या पत्रिकेत मी नेहमी बेणेप्रक्रिया, माती परीक्षण, खोडव्याची निगा ह्या विषयांवर लिहितो आणि आपण ते गोड मानून घेता. ह्या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. जुनी छोटी शेतीयंत्रे गोळा करायची आणि दुरुस्त करून चालती करायची, असा एक छंद मला आहे. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. "साहेबांना आता काही काम उरलेलं दिसत नाही," असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. पण शेवटपर्यंत वाचून मग म्हणा, एवढीच विनंती.

गेल्या वर्षी मे महिन्यात खोडव्याच्या नोंदीसाठी गटात फिरत होतो. एका सभासदांच्या वस्तीवर गेलो, तर दारात भंगारवाल्याचा टेम्पो उभा. चौघेजण मिळून एक पॉवर टिलर फळीवरून वर चढवीत होते. यंत्र त्यांच्या वडिलांनी १९९० सालाच्या आधी घेतलेले. बारा वर्षे चिंचेखाली पडून होते. एक टायर कुजलेला, धुराड्यात कुंभारमाशीने घर केलेले. किलोच्या भावाने सौदा ठरला होता.

सभासद म्हणाले, "जाम झालंय साहेब. नुसती अडगळ. म्हटलं, पावसाच्या आत जागा तरी मोकळी होईल."

मी म्हणालो, "तेवढेच पैसे मी देतो. खाली उतरवा."

भंगारवाला माझ्याकडे, सभासद भंगारवाल्याकडे आणि त्यांचा दहावीनंतर घरीच असलेला मुलगा यंत्राकडे बघत राहिला. ऊस विकास अधिकाऱ्याने सभासदाकडून वस्तू घ्यावी का, अशी कुजबुज पुढे झाली. ती होणार हे ठाऊक होते, म्हणून पावती केली होती. आजही ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. ज्यांना पाहायची त्यांनी खुशाल यावे.

आता हा छंद लागला कसा, ते सांगतो. आमच्या विहिरीवर पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. वडील लांब पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायचे आणि बेअरिंग बोलतंय की नाही ते सांगायचे. पुढे विजेची मोटार आली. मी तेव्हा कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होतो, शिकून शहाणा झालो होतो. इंजिन मीच भंगारात घातले. वडील काही बोलले नाहीत, टेम्पो वळणाआड जाईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिले. त्या पैशांतून मी काय घेतले, ते आज आठवतही नाही. पण वडील गेल्यावर ध्यानात आले, की पेचकस कानाला लावून काय ऐकायचे असते, ते मी त्यांना कधी विचारलेच नाही.

आपला बागायत भाग ज्या लोखंडावर उभा राहिला, ते आपण फार लवकर विसरलो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे त्याच नांगराने आपल्या आजोबा-पणजोबांची जमीन उलथून दिली. त्यामागून किर्लोस्करांची, सातारारोडच्या कूपरची इंजिने विहिरींवर आणि गुऱ्हाळांवर आली. आज गावात विचारा, तो नांगर कोणाकडे आहे? दहांतल्या नऊ घरी उत्तर मिळेल, "मोडीत दिला." पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुने अडकित्ते आणि दिवे जपून ठेवलेले आहेत. रोजच्या वापरातली वस्तू म्हणून कोणी त्यांना हलके मानले नाही. मग ज्या यंत्रावर घर चालले, त्याची किंमत आपण किलोवर का करावी?

हे वेड माझे एकट्याचे आहे असेही नाही. आमच्या गटातील एका सभासदांचा मुलगा अमेरिकेत इंडियाना राज्यात नोकरीला असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने शेजाऱ्याच्या शेडची छायाचित्रे दाखवली. शेडमध्ये आपल्या बैलगाडीच्या चाकाएवढ्या उंचीचे सहा-सात छोटे ट्रॅक्टर, लाल, पिवळे, हिरवे, ओळीने उभे. तिकडे त्यांना बागेचे ट्रॅक्टर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे शहराबाहेर घराभोवती भरपूर जागा ठेवून वस्त्या वाढल्या. गवत कापायला, भाजीचे वाफे नांगरायला, हिवाळ्यात दारातले बर्फ लोटायला लहान ट्रॅक्टर हवा झाला. साउथ बेंड गावी १९४६ साली सुरू झालेल्या कारखान्याचा लाल व्हील हॉर्स, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा १९६१ सालचा पिवळा कब कॅडेट, जॉन डिअरचा १९६३ सालचा हिरवा ११० ही त्यांतली नावाजलेली नावे. पहिल्या कब कॅडेटचे इंजिन सात अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, बिडाचे.

पुढे पातळ पत्र्याची, स्वस्त यंत्रे निघाली. ती बिघडली की टाकून द्यायची. पण बिडाची जुनी इंजिने घरच्या घरी उघडता येतात, घासूनपुसून पुन्हा बसवता येतात. म्हणून तिकडचे लोक ती शोधून आणतात, सुटे करतात, मूळ रंग देतात आणि जत्रेत न्यावे तसे वर्षातून एकदा मैदानात नेऊन मांडतात. आजोबांचा ट्रॅक्टर नातू चालवतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

त्यांची ही हौस आहे, पण आपली तर गरजच आहे, असे मला वाटते. त्या ट्रॅक्टरच्या ताकदीचे यंत्र आपल्याकडे म्हणजे पॉवर टिलर आणि अलीकडचे छोटे ट्रॅक्टर. ऊस उगवून वर आला की पन्नास अश्वशक्तीचे धूड सरीत घालता येत नाही. चार-साडेचार फुटांच्या सरीत आंतरमशागतीला, बाळबांधणीला, बांधणीला लहान यंत्रच लागते. बंगळूरच्या व्ही. एस. टी. कंपनीने मित्सुबिशीच्या सहकार्याने १९६७ पासून, केरळच्या कॅमको कंपनीने कुबोटाच्या सहकार्याने १९७३ पासून ह्या कामाला हात घातला. त्यांतली जुनी यंत्रे अजून कितीतरी गोठ्यांत, चिंचेखाली पडलेली आहेत. त्यांतले प्रत्येक यंत्र निकामी आहे असे मी मानत नाही. बऱ्याच ठिकाणी यंत्रापेक्षा ते उघडणारा हातच निकामी झालेला असतो.

असो. त्या टिलरचे पुढे काय झाले ते सांगतो. माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो आणला. दुसऱ्याच रविवारी सभासदांचा तो मुलगा सायकल मारीत आला. "काका, मी बसू का नुसता?" म्हणाला. बस म्हटले. बाजारच्या गावातील एका सत्तरी ओलांडलेल्या मिस्त्रींनाही विनंती केली. ते खुर्ची टाकून बसायचे आणि तोंडाने शिकवायचे. पहिला नियम त्यांनी घातला, की उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढायचा आणि प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी लावून ठेवायचे. दुसरा नियम, हातोडी सर्वांत शेवटी.

हेड काढून सिलिंडरमध्ये डिझेल व रॉकेल ओतले आणि आठ दिवस हात लावला नाही. नवव्या दिवशी लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत गेलो, तेव्हा पिस्टन हलला. रिंगा खाचेत चिकटून बसल्या होत्या, त्या नव्या घातल्या. लायनरवर गंजाचे डाग होते, पण खोल नव्हते. एअर क्लीनरमध्ये तेलाऐवजी उंदराचा संसार निघाला. नोझल पंपवाल्याकडून तपासून आणले. पट्टे, ऑईल सील, क्लचच्या प्लेटा नव्या लागल्या. रोटरची झिजलेली पाती बदलली. पावसाळा गेला, गळीत हंगाम सुरू झाला तसे माझे येणे कमी झाले. पण पोरगा रविवार चुकवीत नसे.

जानेवारीत एका रविवारी हँडल मारले. काही नाही. पुन्हा मारले. नुसता पांढरा धूर. मिस्त्री खुर्चीतूनच म्हणाले, "एअर धरलीय. नट ढिला करा, बुडबुडे जाऊ द्या." पोराने नट ढिला केला, डिझेल सलग येऊ लागल्यावर आवळला आणि स्वतः हँडल मारले. दोन ठोके पडले, तिसरा पडला आणि इंजिन लागले. मिस्त्री उठले, पेचकस इंजिनाला टेकवून कानाशी नेला, मग तो पोराच्या हातात दिला. "ऐक," एवढेच म्हणाले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

आठवड्याने पोराचे वडील आले. टिलरभोवती दोन फेऱ्या मारल्या, किंमत विचारली. भंगाराचा भाव अधिक सुट्या भागांचा खर्च एवढे पैसे मी त्यांच्याकडून घेतले. मजुरी घेतली नाही. ती माझ्या छंदाची. त्याचीही पावती आहे. फेब्रुवारीत लावलेल्या त्यांच्या सुरू उसाची बाळबांधणी त्याच टिलरने झाली.

आता माझी मते स्पष्ट मांडतो.

पहिले असे, की हा छंद आहे, धंदा नव्हे. हौसेसाठी कर्ज काढू नये. सोसायटीचे तर मुळीच नाही. ज्याचा ब्लॉक फुटला आहे, ज्याचे भाग कोठेच मिळत नाहीत, ते यंत्र भंगारातच जावे. जाताना त्याचे चांगले भाग मात्र काढून ठेवावेत. जुने यंत्र डिझेल जास्त पिते, धूर जास्त करते, हेही खरे. रोजच्या दहा एकरांच्या कामाला नवे यंत्रच घ्या.

दुसरे, जो हौसेने यंत्र उघडतो, तो नवे घेताना फसत नाही. दोन-अडीच एकरांच्या धन्याने दारात शोभा म्हणून मोठा ट्रॅक्टर उभा करायचा आणि उसाच्या बिलातून हप्ते फेडीत बसायचे, हे चित्र मी नोंदीला फिरताना पाहतो. ज्याला पट्टा, क्लच, गिअर कशासाठी असतात ते ठाऊक आहे, तो आपल्या सरीच्या मापाचे यंत्र मागतो. दुरुस्तीच्या बिलावर काय लिहिले आहे, तेही त्याला वाचता येते.

तिसरे, जपून करा. हँडल मारताना अंगठा इतर बोटांच्या बाजूलाच ठेवा, मुठीभोवती वळवू नका. उलटे फिरले तर अंगठा मोडतो. पट्ट्यावरची जाळी काढून इंजिन चालवू नका. धोतर, पदर, गळ्यातला रुमाल दूर ठेवा. नोझलची फवारणी हाताने कधीही तपासू नका, ती कातडीत घुसते. बंद खोलीत इंजिन चालवू नका.

चौथे कारखान्याकडे मागणे आहे. आपला कारखाना पाच महिने चालतो आणि उरलेल्या महिन्यांत उघडून, घासून, दुरुस्त करून पुढच्या हंगामाला सज्ज होतो. म्हणजे जुने यंत्र सांभाळण्याची विद्या आपल्या आवारातच आहे. आपले निवृत्त फिटर, टर्नर घरी बसून आहेत. बिगरहंगामात महिन्यातला एक रविवार, एक शेड आणि त्यांच्यापैकी दोघांचे मानधन, एवढे संचालक मंडळाने मंजूर करावे. सभासदांनी आपली जुनी यंत्रे आणि आपली मुले, दोन्ही घेऊन यावे. वार्षिक सभेच्या दिवशी मंडपाबाहेर त्यांतले एक इंजिन चालू करून ठेवावे. भाषणाला लोक उशिरा येतील कदाचित, पण इंजिनाभोवती वेळेआधी जमतील, ह्याची मला खात्री आहे.

घरची मंडळी म्हणतात, शेडमध्ये आता पाय ठेवायला जागा नाही. ते खरे आहे. सध्या एक कूपर इंजिन आणि बिनहाताचा एक लोखंडी नांगर तेथे वाट पाहत आहेत. तरीही सांगतो, पावसाच्या आधी जागा मोकळी करताना भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी मला एक निरोप धाडा. विकत घेईनच असे नाही. पण घरातल्या पोराला बोलावून आपण दोघे-तिघे एकदा ते उघडून बघू. आणि घरात वडील, चुलते, आजोबा असतील, तर त्यांना आधी विचारा, "हे कसं चालवायचात?" ते सांगतील. विचारायला उशीर करू नका.

चूकभूल द्यावी घ्यावी. जय सहकार.

आपला,
ऊस विकास अधिकारी