आधी कणगी, मग बाजार

दरसाल तुरीची सुगी आटोपली की आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंच्या घरी एक चमत्कारिक व्यवहार घडतो. घरची तूर झाडून सारी बाजारात जाते, आणि दोनतीन महिन्यांत त्याच घरी दुकानातून तुरीची डाळ येऊ लागते. विकताना बहुधा भर आवकेचा पडता भाव पदरी पडतो. घेताना गिरणीची मजुरी, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा हे सारे आपणच भरतो. इतके होऊन काटकसरीचा उपदेश ऐकावा लागतो तो गृहिणीस! फोडणीस तेल बेताने घाला, असे तिला बजावणाऱ्या यजमानांनी खळ्यावर कोणता बेत केला होता, हे आम्हांस विचारावेसे वाटते.

चुलीवरची काटकसर कणगीवर अवलंबून असते. यास्तव कणगीत काय व किती भरावयाचे हे गृहिणीस विचारून ठरविल्यावाचून एकही पोते घराबाहेर काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हिशेब मुळीच अवघड नाही. पाच माणसांच्या घरात माणशी दररोज ३०० ग्रॅम धान्य धरले तर वर्षास सुमारे साडेपाच क्विंटल लागते. डाळ ६० ग्रॅम धरली तर सुमारे ११० किलो, म्हणजे दीड क्विंटल तूर पुरे. पाहुणेरावळे व सणवार यांसाठी वर थोडे ठेवावे.

एवढे घरात असले म्हणजे सुगरण त्याचे काय करीत नाही? ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ व उडीद निरनिराळे भाजून, धणेजिरे घालून भाजणी दळून ठेवली, की ऐन पावसाळ्यात भाजी मिळेनाशी झाली तरी एका कांद्यावर थालीपीठ होते. भाजल्याने दाण्यातील ओलावा जातो, म्हणून हे पीठ कच्च्या पिठाहून अधिक टिकते. बाजरीचे मात्र उलट आहे. तिच्यात स्निग्धांश अधिक, त्यामुळे पीठ लवकर कडवट होते. महिन्याचे दळण एकदम आणून निम्मे गुरांपुढे ओतण्यापेक्षा आठवड्यापुरतेच दळावे. ज्वारी भरडून तिच्या कण्या ताकात शिजवाव्या. शिळ्या भाकरीचा कुस्करा तर कोणास सांगावयास नको. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा जो घटक उणा असतो, तो कडधान्यांत भरपूर असतो. तेव्हा भाकरीबरोबर पिठले किंवा हुलग्याचे माडगे घेण्याची जुनी चाल पोषणशास्त्राच्या कसोटीसही उतरते.

खानदेशातील बट्ट्या आणि वऱ्हाडातील गोवरीच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे यांस ना पावभट्टी लागते, ना खमीर. तरी आमच्या मुलांच्या हाती मैद्याच्या बिस्किटांचा पुडा दिसतो. पाहुण्यापुढे तो ठेवावयास आमची हरकत नाही. घरचा गहू विकून तो रोज आणावयाचा, हा व्यवहार मात्र आम्हांस कळत नाही.

कर्जाचा हप्ता सुगीवरच येतो, धान्य राखून ठेवावे कसे, असे कोणी म्हणेल. अडचण खरी आहे. पण त्यासाठी आधी कापूस व सोयाबीन विकावे. खाण्याच्या धान्यास हात शेवटी लावावा. ज्यांच्या शिवारात या दोहोंवाचून काही पिकतच नाही, त्यांची स्थिती अधिक चिंतेची आहे. ज्वारी गेली तिच्याबरोबर कडबाही गेला, आणि आता माणसांचे व गुरांचे दोघांचेही पोट बाजारावर आहे. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो व सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले, अशी माणसे अद्याप कित्येक घरांत आहेत. भरल्या कणगीचे मोल त्यांस विचारावे.

रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. बियाणे आणावयास निघण्यापूर्वी यंदा घरात किती भाकरी लागतात, एवढे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारून घ्यावे, आणि तेवढे रान आधी ज्वारीस द्यावे.