टर्बो गाडीला स्टीलचा ‘हेडर’ बसवायचा का? खर्च करण्याआधी हे समजून घ्या

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. अटी दोन : गाडीची लांबी ४ मीटरपेक्षा जास्त नको आणि इंजिन १२०० सीसीपेक्षा मोठं नको. यातली एक जरी अट मोडली, तरी थेट ४० टक्के कर.

इंजिन लहान ठेवायचं, पण ग्राहकाला ताकद तर हवी. मग कंपन्यांकडे हमखास उपाय उरतो तो टर्बोचा. टाटा नेक्सॉनचं ११९९ सीसी पेट्रोल इंजिन टर्बो आहे. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या स्कोडा कायलॅकचं ९९९ सीसी इंजिनही टर्बोच.

टर्बो गाड्या वाढल्या, तशा त्यांच्या मॉडिफिकेशनच्या रील्सही वाढल्या. त्यात एक चकचकीत वस्तू हमखास दिसते, ती म्हणजे स्टीलच्या वळणदार नळ्यांचा हेडर. कंपनीने दिलेला मॅनिफोल्ड काढा, हा बसवा, गाडी पळेल, असा एकूण सूर असतो. पण रस्त्यावरच्या बहुतेक टर्बो गाड्यांसाठी हा सौदा तोट्याचा ठरू शकतो.

मॅनिफोल्ड करतो काय?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो. तो एकत्र करून पुढे पाठवणारा भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. साध्या गाडीत हा वायू पुढे सायलेन्सरकडे जातो. टर्बो गाडीत तो आधी टर्बोचं चाक फिरवतो. हे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतं आणि त्याच्या जोरावर इंजिनात जादा हवा ढकलली जाते.

म्हणजे टर्बो गाडीत हा वायू निव्वळ धूर नसतो, ती कामाला लावायची ऊर्जा असते. ती वाटेत जितकी कमी वाया जाईल, तितका टर्बो लवकर जागा होतो. मॅनिफोल्डच्या डिझाइनचा सगळा खेळ इथेच आहे.

मुख्य प्रकार चार

पहिला लॉग प्रकार. बिडाचा, आखूड, जाड आणि स्वस्त. सगळे सिलिंडर एकाच नळीत वायू सोडतात. आतली जागा कमी, म्हणून कमी आरपीएमला दाब पटकन तयार होतो. मात्र इंजिन वेगात फिरू लागलं, की एका सिलिंडरचा झोत दुसऱ्याच्या आड येतो.

दुसरा ट्यूब्युलर, म्हणजेच रील्समधला हेडर. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी, आणि चांगल्या डिझाइनमध्ये सगळ्या नळ्या सारख्या लांबीच्या. झोत ठरावीक अंतराने येतात, एकमेकांना अडवत नाहीत. वरच्या आरपीएमला ताकद वाढते. पण लांब नळ्या म्हणजे आतली जागा जास्त आणि उष्णता निसटायला पृष्ठभागही जास्त. पेट्रोल इंजिनाचा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो. सतत तापणं आणि गार होणं यामुळे पातळ नळ्यांना वेल्डिंगच्या जोडापाशी तडे जातात.

तिसरा ट्विन-स्क्रोल. चार सिलिंडरच्या इंजिनात साधारण १-३-४-२ असा क्रम असतो. म्हणून १ आणि ४ यांचा वायू एका वाटेने, २ आणि ३ यांचा दुसऱ्या वाटेने टर्बोपर्यंत नेतात. त्यासाठी टर्बोही दोन वाटांचाच लागतो.

चौथा इंटिग्रेटेड. यात मॅनिफोल्ड वेगळा नसतोच. तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो आणि त्याच्याभोवती कूलंट खेळतं. त्यामुळे इंजिन लवकर गरम होतं. शिवाय जोर लावल्यावर टर्बोकडे जाणाऱ्या वायूचं तापमान आटोक्यात राहतं, म्हणून तो थंड ठेवण्यासाठी जादा पेट्रोल ओतावं लागत नाही. बदल्यात कूलिंग सिस्टिमवरचा ताण वाढतो.

छोट्या टर्बोचं गणित वेगळं का?

छोट्या टर्बो गाड्यांमध्ये तीन सिलिंडरची इंजिनं बरीच आहेत. नेक्सॉन आणि कायलॅक दोन्ही त्यातल्याच. चार सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दर १८० अंशांना एक झोत येतो, तीनमध्ये दर २४० अंशांना. दोन झोतांमध्ये अंतर जास्त असल्याने ते एकमेकांच्या आड येण्याचा प्रश्न मुळातच कमी. हेडर जो आजार बरा करतो, तो या गाड्यांना फारसा नाहीच.

काही गाड्यांत तर बदलायला वेगळा मॅनिफोल्डच नाही. कायलॅकमधलं १.० टीएसआय इंजिन किंवा फोर्ड इकोस्पोर्टमधलं १.० इकोबूस्ट, दोन्हींत तो हेडमध्येच आहे.

आणखी एक मुद्दा. कायलॅकच्या इंजिनाचा १७८ न्यूटन-मीटर टॉर्क १७५० आरपीएमलाच मिळतो. सिग्नलवरून निघताना किंवा घाटात ओव्हरटेक करताना हाच पट्टा कामाला येतो. हेडरचा फायदा मात्र वरच्या पट्ट्यात. त्यातही बूस्ट किती ठेवायचा हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. ट्यूनिंग आणि मोठा टर्बो नसेल, तर नुसत्या हेडरने फार काही हाती लागत नाही.

आवाज मात्र बदलतो. सुबारूच्या जुन्या डब्ल्यूआरएक्स एसटीआयची प्रसिद्ध गुरगुर असमान लांबीच्या नळ्यांमुळे होती. म्हणजे कानाला आवडणारा आवाज हा चांगल्या डिझाइनचा पुरावा नव्हे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीमधला तपशील उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ध्वनी किंवा वायुप्रदूषणाचे नियम मोडले, तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि ३ महिने लायसन्स अपात्र.

एप्रिल २०२३ पासूनच्या बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावरचं उत्सर्जनही मोजलं जातं. त्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापणं महत्त्वाचं, म्हणून तो टर्बोच्या अगदी जवळ बसवतात. मॅनिफोल्डची लांबी आणि जागा बदलली, की हे गणित बिघडतं. वॉरंटी आणि विम्याचा दावा अडण्याची शक्यता वेगळीच.

मग निवड कशी करायची?

ट्रॅकवर पळणारी, मोठा टर्बो आणि पूर्ण ट्यूनिंग असलेली गाडी असेल, तर समान लांबीचा हेडर किंवा ट्विन-स्क्रोल याला अर्थ आहे. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीचा बिडाचा मॅनिफोल्ड तडकला असेल, तर त्याच जातीचा ओरिजिनल पार्ट बसवणं सगळ्यात शहाणपणाचं. आणि नवी टर्बो गाडी घ्यायची असेल, तर निवड गॅरेजमध्ये नाही, टेस्ट ड्राइव्हमध्ये होते. दुसऱ्या गिअरमध्ये, दीड-दोन हजार आरपीएमला अॅक्सिलरेटर दाबून गाडी किती पटकन प्रतिसाद देते ते पाहा. मॅनिफोल्ड आणि टर्बोची जोडी इंजिनिअरांनी कशी जमवली आहे, ते तिथेच कळतं.