हवेत विरणारी वीज

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींमधील एखाद्या गाळ्यात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत डोकावून पाहा. प्रेस थांबलेले असतात, पॉलिशच्या मोटारी बंद असतात, तरी एक आवाज सुरूच असतो. कुठल्या तरी सांध्यातून हवा सुटत असल्याचा. रोजचाच म्हणून त्याकडे कुणी लक्ष देत नाही. थोड्या वेळाने कोपऱ्यातला कॉम्प्रेसर धडधडत सुरू होतो, टाकी भरतो आणि पुन्हा थांबतो. काम बंद असताना ही हवा जाते कुठे? तर गळतीत.

स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी भाईंदरचे नाव आहे. त्याशिवाय काशीमिऱ्यापर्यंत प्लास्टिक, पॅकिंग, सुटे भाग बनवणारे अनेक लहान कारखाने आहेत. यांतील बहुतेकांना दाबलेली हवा लागते. हवा फुकट मिळते, म्हणून दाबलेली हवाही स्वस्तच असणार, असा समज असतो. तो चुकीचा आहे. कॉम्प्रेसरला १०० युनिट वीज दिली, तर प्रत्यक्ष अवजारापर्यंत कामाच्या रूपाने जेमतेम १० ते १५ युनिट पोहोचतात. उरलेली बरीचशी उष्णता होऊन जाते आणि काही वाटेतच गळते.

देखभाल नीट नसलेल्या कारखान्यांत एकूण हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीत जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. सात बार दाबाच्या नळीला तीन मिलिमीटरचे भोक असेल, तर त्यापोटी कॉम्प्रेसर सुमारे तीन किलोवॅट वीज जादा ओढतो. दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर हे १०,८०० युनिट होतात. युनिटला आठ रुपये दराने वर्षाचे ८६ हजार रुपये. रबरी वायसर, नवी क्लिप किंवा चांगले कपलिंग यांचा खर्च यापुढे किरकोळ आहे.

आपल्याकडे किती गळती आहे, हे कळायला महागडे उपकरण लागत नाही. सगळी अवजारे बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवावा. तो किती वेळ हवा भरतो आणि किती वेळ थांबतो, हे घड्याळावर चार-पाच वेळा मोजावे. तीन मिनिटे भरणे आणि सात मिनिटे थांबणे असे दिसले, तर गळती ३० टक्के. मग साबणाचे पाणी घेऊन सांधे तपासावेत. दाबाचेही तसेच. सहा बारवर काम भागत असताना ‘असू द्या’ म्हणून आठ बार ठेवला जातो. एक बार कमी केला, तरी साधारण सहा ते सात टक्के वीज वाचते.

हा विषय केवळ बिलाचा नाही, गाळ्यात उभे राहणाऱ्या माणसांचाही आहे. कॉम्प्रेसरने घेतलेल्या विजेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास उष्णता होऊन बाहेर पडते. २२ किलोवॅटचा, म्हणजे ३० अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर पत्र्याच्या बंद गाळ्यात चालवणे म्हणजे घरातले दहा गीझर उघड्यावर चालू ठेवण्यासारखे आहे. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात पॉलिशवाल्या कामगाराला ही उष्णता सोसावी लागते. यंत्रालाही ती मानवत नाही. आत ओढलेली हवा चार अंशांनी गरम असली, की विजेचा खर्च सुमारे एक टक्क्याने वाढतो. शिवाय हवेच्या फवाऱ्याचा आणि गळतीचा आवाज दिवसभर कानावर पडत राहिला, तर श्रवणशक्ती कायमची जाऊ शकते. हवेच्या नळीने अंगावरची धूळ झटकण्याची सवयही घातक आहे. त्याने डोळ्यांना आणि कानाच्या पडद्याला इजा होते, त्वचेला जखम असेल तर हवा रक्तात शिरण्याचा धोका असतो.

ही उष्णता निदान बाहेर तरी काढता येते. पत्र्याचा डक्ट लावून गरम हवा भिंतीबाहेर सोडणे आणि ताजी हवा बाहेरून घेणे, हे लहान गाळ्यालाही परवडते. मोठ्या स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये याहून पुढे जाता येते. त्यातील तेल ८० ते ९० अंशांपर्यंत तापते. उष्णता विनिमयक बसवला, तर त्यावर ६० ते ७० अंशांचे पाणी मिळते. पॉलिशचा मेणचट थर धुण्यासाठी जिथे गॅस किंवा विजेच्या हीटरवर पाणी तापवले जाते, तिथे हा खर्च वाचू शकतो. अट एवढीच, की गरम पाण्याची गरज जवळ आणि त्याच वेळी असावी. तशी नसेल, तर या खर्चात पडू नये.

नवे यंत्र हा शेवटचा टप्पा. गळती न थांबवता मोठा कॉम्प्रेसर आणणे म्हणजे फुटक्या माठात जास्त पाणी ओतणे. घ्यायचाच असेल, तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०२१ पासून कॉम्प्रेसरसाठी आणलेली ऐच्छिक तारांकन योजना पाहावी. हवेची मागणी कमी-जास्त होत असेल, तर वेग बदलणाऱ्या मोटारीचा विचार करावा. साधा स्क्रू कॉम्प्रेसर नुसता फिरत असतानाही पूर्ण भाराच्या सुमारे ३० टक्के वीज खातो.

प्रश्न आहे तो हे कोण करणार याचा. गाळा भाड्याचा, काम मजुरीवर, नफा पातळ. अशा मालकाने स्वतंत्र ऊर्जा लेखापरीक्षक नेमावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. मात्र एकाच वसाहतीतील २०-२५ गाळ्यांनी मिळून एक तपासणी करून घेणे शक्य आहे. औद्योगिक वसाहतींच्या सोसायट्यांनी पुढाकार घ्यावा. ऊर्जासंवर्धनासाठी राज्याची नियुक्त यंत्रणा असलेल्या महाऊर्जेने आणि वीज कंपन्यांनी पुण्या-मुंबईच्या मोठ्या कारखान्यांइतकेच लक्ष भाईंदरच्या गाळ्यांकडे द्यावे. तोवर मालकांनी येत्या आठवड्यात एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत घड्याळ लावून पाहावे. आणि गळती कुठे आहे, हे कामगारांना विचारावे. तो आवाज ते रोज ऐकतात.