गरज सरो, बेंच मरो

परवा शुक्रवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये एका मित्राशी जोरदार वाजलं. विषय एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉलचा. तिथे हंगाम संपला की दरवर्षी त्याच बातम्या येतात. अमुक संघाने चार जण सोडले, तमुक संघ नव्याने बेंच बांधतोय. मित्र इडली सांबारात बुडवत शांतपणे म्हणाला, "स्टार टिकवला ना? मग झालं. रोल प्लेयर काय, पैशाला पासरी मिळतात."

माझा चहा तिथेच गार झाला. तेव्हा नीट उत्तर सुचलं नाही (नेहमीप्रमाणे!), ते आज इथे देतोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण वाचणारे बरेचसे माझ्यासारखेच आयटीवाले आहेत. आपल्याकडे 'बेंचवर आहे' म्हटलं की लोक दहाव्याला आल्यासारखा चेहरा करतात. प्रोजेक्ट नाही, बिलिंग नाही, पोरगा दिवसभर नोकरीच्या साइट्स बघतोय. बास्केटबॉलमधला बेंच तसा नसतो. मॅच ४८ मिनिटांची, मैदानावर पाच जण, म्हणजे एकूण २४० मिनिटांचं काम. सुरुवातीचे पाच जण प्रत्येकी ३४ मिनिटं खेळले तरी ७० मिनिटं उरतात. ती बेंचवाले भरून काढतात. आणि रोल प्लेयर म्हणजे ठरावीक काम नेमून दिलेला माणूस, मग तो सुरुवातीच्या पाचांत असो वा बेंचवर. जेवणाच्या ताटातली डावी बाजू म्हणा ना. चटणी, कोशिंबीर, लिंबू, मीठ... पोट त्यावर भरत नाही, पण ती काढून घ्या आणि मग जेवून दाखवा!

आता माझा पुरावा. डॅलस मॅव्हरिक्स, २०११.

मी तेव्हा शाळेत होतो, या मॅचेस पुढे कॉलेजात असताना यूट्यूबवर पाहिल्या. संघाचा स्टार एकच, डर्क नोव्हित्स्की. बाकी सगळे कुणी म्हातारे होत चाललेले, कुणी दुसरीकडून ओवाळून टाकलेले. ८ मे २०११ ला त्यांनी लेकर्सना १२२-८६ असं धुतलं. त्यात डॅलसच्या नुसत्या बेंचचे गुण होते ८६. म्हणजे लेकर्सच्या अख्ख्या संघाइतके! जेसन टेरी ३२, जे. जे. बरेया २२, पेजा स्टोयाकोविच २१.

फायनल मायामी हीटशी. लेब्रॉन, वेड, बॉश असे तीन तीन स्टार. डॅलस १-२ असं मागे पडलं. चौथ्या मॅचला कोच रिक कार्लाइलने काय केलं? जेमतेम सहा फुटी बरेयाला बेंचवरून उचलून सुरुवातीच्या पाचांत घातलं. डर्क तापाने फणफणलेला, पण टायसन चँडलरने १६ रिबाउंड काढले आणि मॅच ८६-८३ अशी सुटली. पुढच्या दोन्हीही डॅलसने जिंकल्या. सहाव्या मॅचच्या पूर्वार्धात डर्कने १२ वेळा नेम धरला, आत गेला एकच. तरी संघ ५३-५१ असा पुढे, कारण टेरीने बेंचवरून येऊन तेवढ्यात १९ गुण केले होते. शेवट १०५-९५. विजेतेपद डॅलसचं, त्यांच्या इतिहासातलं पहिलं.

आणि मग? गरज सरो, वैद्य मरो.

मालक आणि खेळाडूंच्या भांडणात लीग डिसेंबरपर्यंत बंद होती. नवा करार झाला. पगाराची मर्यादा ओलांडणाऱ्या संघांवरचा लक्झरी टॅक्स पुढे जबर होणार, हे दिसत होतं. मालक मार्क क्युबन काही कंजूष नव्हे, त्याने आधी वर्षानुवर्षं पाण्यासारखा पैसा ओतला होता. पण या वेळी त्याने हिशोब मांडला: जुन्यांना लांब मुदतीचे करार द्यायचे नाहीत, खातं मोकळं ठेवायचं आणि २०१२ च्या उन्हाळ्यात मोठा स्टार आणायचा. चँडलर न्यूयॉर्कला गेला आणि त्याच हंगामात लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला! बरेया मिनेसोटाला गेला. डीशॉन स्टीव्हन्सन आणि कॅरन बटलरही गेले.

बदल्यात आलेली नावं बघा. व्हिन्स कार्टर. आणि लमार ओडम, आदल्या हंगामातला लीगचा सर्वोत्तम राखीव खेळाडू. म्हणजे कागदावर बेंच सुधारलाच की! पण लेकर्सनी आपल्याला दिलं हे ओडमच्या जिव्हारी लागलं होतं, आणि घरातल्या मृत्यूने तो आधीच खचलेला होता. त्याची सरासरी १४.४ वरून ६.६ वर आली आणि एप्रिलमध्ये त्याची आणि संघाची वाट वेगळी झाली. दोष त्या माणसाचा नाही. कागदावरचा बेंच आणि खुर्च्यांवर बसलेला बेंच यांत फरक असतो, एवढंच.

निकाल? ३६ विजय, ३० पराभव, आणि पहिल्याच फेरीत ओक्लाहोमाकडून ०-४. ज्याच्यासाठी खातं मोकळं ठेवलं तो डेरॉन विल्यम्स नेट्सकडेच राहिला. टेरी बॉस्टनला गेला, जेसन किड न्यूयॉर्कला. २०१३ ला ४१-४१, सलग १२ वर्षांनंतर प्लेऑफ हुकले. २०१४ मध्ये चँडलर आणि बरेया दोघांनाही परत आणलं (हसू की रडू?), पण घडी विस्कटली ती विस्कटलीच. डॅलसने प्लेऑफमधली पुढची मालिका जिंकली ती थेट २०२२ मध्ये. डर्क २०१९ लाच निवृत्त झाला होता.

तुम्ही म्हणाल, संघ म्हातारा होता, तो मोडायलाच हवा होता. मला हा युक्तिवाद उलटा वाटतो. किड ३८ चा, डर्क ३३ चा. ज्या स्टारच्या हातात चांगली दोन-तीनच वर्षं आहेत त्याच्यासाठी तुम्ही उद्याची बचत कसली करताय? आजचा संघ विकून उद्याचं स्वप्न घेतलं, आणि उद्या आलाच नाही.

दुसरं टोक बघा. सॅन अँटोनियो स्पर्स, २०१३. फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये पाच सेकंद उरले असताना रे ॲलनचा थ्री-पॉइंटर बसला आणि हातातलं विजेतेपद गेलं. दुसऱ्या कुणी असल्या पराभवानंतर निम्मा संघ हाकलला असता. यांनी जवळजवळ तोच संघ ठेवला. पुढच्या हंगामात त्यांच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांवर नव्हती, एवढा बेंचवर विश्वास. २०१४ च्या फायनलमध्ये त्याच मायामीला ४-१ असं लोळवलं. त्यात बोरिस डिऑव नावाचा एक जण होता. २०१२ साली शार्लटने त्याला सोडलं होतं. कुठल्या शार्लटने? त्या हंगामात ७ मॅच जिंकून ५९ हरणाऱ्या! तिथे हा कामाचा नव्हता. इथे मात्र फायनलच्या तिसऱ्या मॅचला त्याला सुरुवातीच्या पाचांत घेतलं आणि मायामीला त्याचं कोडं सुटलंच नाही.

माणूस तोच, शेजारी बदलले. रोल प्लेयरची किंमत त्याच्या एकट्यात नसते हो, तो कुणाबरोबर उभा आहे यात असते. म्हणूनच तो पैशाला पासरी मिळत नाही. मिळतं ते त्याच्या उंचीचं, त्याच्या पगाराचं दुसरं माणूस.

पगारमर्यादा खरी असते, मान्य. सगळ्यांना कायम ठेवा असंही मी म्हणत नाही. माझं भांडण 'फ्लेक्सिबिलिटी' या गोंडस शब्दाशी आहे. जिंकून देणाऱ्या माणसांना काढण्यासाठी इतका सभ्य शब्द दुसरा सापडणार नाही.

आता खरं सांगतो, मला हे एवढं का लागलं.

गेल्या वर्षी आमचं एक मोठं प्रोजेक्ट लाइव्ह गेलं. केक कापला, फोटो काढले. पंधरा दिवसांनी एक एक्सेल शीट आली: कोण 'कोअर', कोण 'रिलीज'. भरायची होती मला. आमची एक टेस्टर होती, कधी मीटिंगमध्ये फार बोलायची नाही. मी तिच्या नावापुढे 'रिलीज' लिहिलं. तीसेक सेकंद लागले असतील. महिनाअखेरीला एका क्लायंटची फाइल वेगळ्या फॉरमॅटमध्ये येते आणि ती हाताने तपासावी लागते, हे फक्त तिला माहीत होतं. तीन महिन्यांनी ते आम्हालाही कळलं. रात्री दोन वाजता.

त्या रात्री शेअर्ड ड्राइव्हवर शोधताना तिने शेवटच्या दिवशी ठेवलेली एक फाइल सापडली. प्रोजेक्टमधल्या असल्या सगळ्या भानगडी एकेक करून लिहिलेल्या, सत्तावीस मुद्दे. कुणी मागितली नव्हती. कुणी उघडलीही नव्हती. मीसुद्धा.

तेव्हा कँटीनमधल्या मित्रा, तुझं वाक्य मला झोंबलं कारण ते मी आधीच अंमलात आणलं होतं. पुढच्या वेळी ती शीट तुझ्याकडे आली तर एक कॉलम वाढव: हा माणूस गेला तर आणखी कुणाकुणाचं काम बिघडेल? तो रकाना भरता येत नसेल तर दुसराही भरू नकोस.

असो. रविवार संपत आला. तिला आज मेसेज करणार आहे, सॉरी म्हणायला. उशीर झालाय, माहितेय.