पारख शिका, ग्लास मोजू नका

येवल्यात पैठणी घ्यायला आलेली जाणकार बाई पाहिलीये? ती आधी पदर उलटा करून बघते. अस्सल हातमागाची पैठणी मागूनही पुढच्यासारखीच दिसते, हे तिला ठाऊक असतं. भाव ती नंतर विचारते. अशी पारख बघत आपण मोठे झालो. मग आपल्याच जिल्ह्यात तयार होणाऱ्या वाइनबद्दल आपण इतके अडाणी का?

घरी हा शब्द काढला की विषय बदलतो. कट्ट्यावर काढला की पहिला प्रश्न, ‘किती चढते रे?’ चवीबद्दल दोन्हीकडे कुणीच बोलत नाही.

येवल्याहून नाशिकला जाताना विंचूर लागतं. तिथे एमआयडीसीचं वाइन पार्क आहे. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि या धंद्याला बळ मिळालं. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी द्राक्षबाग असेल. छाटणी, फवारणी, थंडीत बाग जपणं हे सगळं तुम्हाला पाठ. पण वाइनचं द्राक्ष खायच्या थॉमसनपेक्षा वेगळं असतं. मणी लहान, साल जाड, आत बिया. रेड वाइनमध्ये रस सालीसकट आंबवतात, म्हणून तिला रंग आणि तुरटपणा येतो. व्हाइटमध्ये साल आधीच बाजूला काढतात.

मी बावीस वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात नाशिकजवळच्या एका वायनरीत टेस्टिंगला गेले. शिकवणाऱ्याने सोव्हिन्यो ब्लांकचा ग्लास हातात दिला आणि विचारलं, ‘वास कसला येतोय?’ सगळे गप्प. चुकलो तर हसतील, ही भीती. शेवटी मागून एक मुलगा हळूच म्हणाला, ‘पेरू.’ उत्तर बरोबर होतं! मग सगळ्यांचीच नाकं उघडली. शिराझचा घोट घेतल्यावर जीभ आवळली, जांभूळ खाल्ल्यावर आवळते तशी. त्यालाच टॅनिन म्हणतात.

पद्धत साधी आहे. आधी रंग बघा. ग्लास हलकेच फिरवा, वास घ्या. छोटा घोट तोंडात घोळवा. आणि थुंका. हो, थुंकाच! टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. चव तपासणं हेच ज्यांचं काम, ते दिवसाला कितीतरी वाइन चाखतात आणि शुद्धीत घरी जातात. आमच्या टेबलावरचं भांडं मात्र शेवटपर्यंत कोरडंच राहिलं. ‘पैसे दिलेत ना!’ असं म्हणत ग्लास रिकामे झाले आणि त्यातल्या दोघांनी बाहेर येऊन बाइकला किक मारली. मी त्यांना अडवलं नाही. तेच अजून टोचतं.

२०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरलं, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू की नाही’ यावर राज्यभर भांडण झालं. माझं मत सरळ आहे. वाइन ही दारूच. तिच्यात साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल असतं. ‘हृदयाला चांगली’ वगैरे सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. आणि महाराष्ट्रात २१ वर्षांखालच्यांना ती चालत नाही. ज्यांच्या घरात दारूने संसार मोडलाय, त्यांना हा विषयच नको वाटत असेल, तर त्यांचंही बरोबर आहे.

मग पारख कशाला? कारण चव ओळखणाऱ्याला थांबायचं कुठे हेही कळायला लागतं. आणि हे शिकायला वाइन लागतच नाही. उद्या चहा पिताना डोळे मिटा. आलं आधी लागतं की गवती चहा? बागेतला मणी चावून बघा. गोड आधी की आंबट? मित्राला विचारा, तो वेगळं सांगेल. त्यावर भांडा.

पुढे कधी टेस्टिंगला गेलातच, तर गाडी न पिणाऱ्याच्या हातात द्या. आणि ते भांडं कोरडं ठेवू नका.